सरांनी पास केलेली रायफल

स्वस्तातली रायफल कोणती घ्यावी, हे विचारायला लोक सरांकडे यायचे आणि वीट घेऊन परत जायचे. खोटं नाही सांगत. बदनापूरला आमच्या कॉलेजच्या मागे, रेल्वेलाइन ओलांडली की एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथं दर रविवारी सकाळी सर आपली रेंज मांडत. नवा माणूस आला, रामराम झाला, की सर त्याच्या डाव्या तळहातावर फडक्यात गुंडाळलेली वीट ठेवायचे. कोपर बरगडीला टेकवायचं, वीट खांद्याच्या उंचीला धरायची, वीस मिनिटं. हात थरथरला की सर म्हणायचे, "घरी घिऊन जा. महिनाभर धरा. मंग रायफलीचं बोलू." निम्मे लोक परत यायचे नाहीत. वीटही यायची नाही. त्यावरून कॉलेजच्या बांधकामावरचा मुकादम दर महिन्याला ग्रंथालयात येऊन माझ्याकडे तक्रार करायचा, कारण सरांसमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

सर कॉलेजात खेळाचे शिक्षक होते आणि मी ग्रंथपाल. ते फौजेतून परत आलेले. मी जालन्याहून रोजची रेल्वे पकडून येणारी, स्टाफरूममध्ये फारशी न बसणारी. बंदुकीचा आणि माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पलीकडे कधी गेला नव्हता. एक दिवस सर काउंटरपाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची नोंद चोख असती. रविवारी रेंजवर वही धराल का?" मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही आणि आवडत तर त्याहून नाही. "हे झ्याक झालं," सर म्हणाले. "नेमबाजाला वहीवर बसवला की तो दुसऱ्याच्या गोळ्यात आपल्या गोळ्या बघतो. तुम्ही जे दिसंल तेच लिव्हाल." त्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं रविवार घालवले. घरात सासूबाईंना वाटायचं, कॉलेजचं काम आहे. मीही तसंच सांगत असे.

माणूस विक्षिप्त होता यात वाद नाही. समोरच्याचा हात हातात आला की सर नमस्काराऐवजी मनगट धरून नाडी मोजायचे. आमच्या प्राचार्यांची एकदा भर मीटिंगमध्ये मोजली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ब्याण्णव. सर, तुम्ही खाली बसा, ठराव आम्ही करतो." बायकांचा हात ते धरत नसत, "मॅडम, तुमची तुम्हीच मोजा आणि सांगा," म्हणत. रेंजवर ‘नेम चुकला’ असं कुणी म्हणायचं नाही. "नेम चुकत न्हाई. श्वास चुकतो," हे त्यांचं ठरलेलं. गोळी मारायच्या दिवशी अर्धी भाकरी आणि बिनसाखरेचा चहा, त्यावर काही नाही. आणि वारा! निशाण पन्नास मीटरवर असायचं. तेवढ्या अंतरात सरांनी पाच ठिकाणी बांबू रोवून त्यांना जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या. खाणीत शिरताना वारा एकीकडून येतो आणि मधल्या खड्ड्यापाशी उलटा फिरतो, हे ते नवीन मुलांना तासभर उभं करून दाखवायचे. चिंध्यांतल्या दोन माझ्या साड्यांच्या होत्या. त्यातली अबोली मला अजून आवडत होती, पण सरांनी मागितली आणि मी दिली.

फोनवर रायफलींची चित्रं दाखवत येणाऱ्यांवर त्यांचा फार राग. "फोटो बघून सोयरीक करतेत, रायफल न्हाई," म्हणायचे. मग विचारायचे, "पैसे किती हायेत?" आकडा ऐकला की, "निम्मे गोळ्याला ठिवा. रायफल एकदा घेतो माणूस, गोळ्या रोज लागतेत." आणि मग बोटं मोडून सांगायचे. स्वस्तातल्या रायफलीत तीनच गोष्टी बघायच्या: नळी, चाप आणि खांद्याला लागणारा दस्ता. नळी सरळ आणि आतून साफ पाहिजे. चाप ओढताना मध्ये अडखळायला नको. दस्ता आपल्या गालाला आपसूक यावा, गालानं त्याला शोधत जाऊ नये. "बाकी रंग, नक्षी, दुर्बीण हे सगळं वरातीतला बँड हाय. बिगर बँडचं लग्न लागतंय की!" जालन्यातल्या एका बियाणेवाल्याचा मुलगा परदेशी रायफल घेऊन दाखवायला आला होता. सरांनी ती त्याच्या खांद्याला लावून बघितली, आणि म्हणाले, "चांगली हाय. तुझ्या दिवाणखान्याला शोभंल." मुलगा पुन्हा फिरकला नाही. वीट देण्याचा प्रसंगच आला नाही.

पण जुनी, दुसऱ्याच्या हातची रायफल घ्यायची असेल तर संभाजीनगर, परभणीपासून लोक सरांकडे येत. विकणाराही परवाना आणि रायफल घेऊन येई. ‘सरांनी पास केली’ एवढं सांगितलं की पुढं कुणी प्रश्न विचारत नसे. पास करायची त्यांची रीत होती. तरटावर पालथं पडून ते स्वतः पाच गोळ्या मारणार. मग स्वतःच चालत निशाणापर्यंत जाणार, कार्ड काढणार, डोळे मिटून कार्डाच्या मागून बोटं फिरवणार. पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बोटांनी कळतं, डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं. मग वळून एकच शब्द: "घ्या," किंवा "सोडा." कार्डाची चौघडी खिशात. ते कुणाला दाखवायचं नाही, नाहीतर विकणारा आणि घेणारा त्यावर घासाघीस करतात. आणि सरांचा शब्द पडेपर्यंत घेणाऱ्यानं रायफलीला हात लावायचा नाही. "हात लागला की जीव बसतो. मंग खोट दिसत न्हाई." कुणी तरी एकदा म्हणालं, की रायफल टेबलावर पकडीत आवळून तपासतात हल्ली, माणसाचा प्रश्नच येत नाही. सर इतके भडकले की त्या दिवशीची रेंजच बंद केली. "टेबल जानार हाय का स्पर्धेला? रायफल मानसाच्या खांद्यावर चालती, तितंच तपासायची."

रेहाना मंठ्याची. तिच्या वडलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. कॉलेज अर्धवट सोडून ती दुकानात बसायला लागली होती, आणि जत्रेतल्या छऱ्याच्या बंदुकीनं सगळे फुगे फोडून आली म्हणून वडीलच तिला सरांकडे घेऊन आले होते. वीट तिनं वीस मिनिटं धरली आणि मग विचारलं, "दुसऱ्या हातानं धरू का आता?" सरांच्या तोंडावर हसू येतं हे मला त्या दिवशी समजलं. त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारी ती पहाटेची पहिली एसटी धरून जालन्याला आणि तिथून बदनापूरला येई. नेमबाजाचं जाड जाकीट विकत घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा वडलांनी ट्रकची ताडपत्री आणि गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड जोडून तिला जाकीट शिवलं. राज्य स्पर्धेत पंच त्याला हात लावून बघायचे, मापं घ्यायचे, आणि नियमात बसतं म्हणून सोडून द्यायचे.

तिला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या जागांवर. त्यासाठी राज्यात पहिल्या तिघांत येणं भाग होतं. सरांच्या क्लबच्या जुन्या रायफलीवर, जिची नेम धरायची साइट दर दहा गोळ्यांनी हलायची, ती आदल्या वर्षी दोन गुणांनी चौथी आली होती. पुढच्या वर्षी सवलत धरूनही तिचं भरतीचं वय उलटणार होतं. म्हणजे ही एक स्पर्धा. तिच्या वडलांनी ठरवलं, क्लबच्या परवान्यावर पोरीसाठी बरी रायफल घ्यायची. परवान्यावर एकच बसत होती, म्हणून जुनी विकणाऱ्यालाच द्यायची, वर रक्कम द्यायची. ते सरांना म्हणाले, "साब, मेरे को इसमें का कुछ समजता नै. तुम लेओ बोले तो लेंगे, छोडो बोले तो छोडेंगे."

इथं मला सरांच्या डोळ्यांचं सांगितलं पाहिजे.

त्याच्या आधी वर्षभर मला ते माहीत होतं. सर दुपारी ग्रंथालयात खिडकीजवळ पेपर घेऊन बसायचे. एकदा शिपायानं चुकून मागच्या महिन्याचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता. सरांनी त्यातला एक उचलला आणि पाऊण तास ‘वाचला’. पानं ठरावीक वेळानं उलटत होते. पूर्ण पानभर जाहिरात असली तरी तेवढाच वेळ. मी उठून जवळून गेले, तर त्यांची नजर ओळीवर नव्हतीच, पानाच्या कडेला होती. माझ्या मामांना हाच आजार झाला होता. नजरेतलं मधलं जातं, कडेचं राहतं. असा माणूस सायकल चालवतो, दगड चुकवतो, ओळखीच्या माणसाला चालीवरून हाक मारतो. फक्त जिथं बघावं तेवढीच जागा पुसलेली असते. निशाणाचा काळा गोल त्यांना दिसत नव्हता. त्याच्या आजूबाजूचं सगळं जग दिसत होतं.

मी काही बोलले नाही. का बोलायचं? मुलांना शिकवायला त्यांना डोळे लागत नव्हते, पाठीवर हात ठेवला की श्वास कळायचा. रायफली पास करायला दोन-तीनदा लोक आले, तेव्हा ते कडेच्या नजरेनं कसेबसे गोळ्या मारत असावेत, पण बोटं होती. भोकं पसरट लागली की बोटं फिरवत बराच वेळ उभे राहत, मग "सोडा" म्हणत. लोक म्हणायचे, सर आता फार कडक झालेत. मी वहीत ‘नापास’ लिहायची आणि मनात म्हणायची, निदान चुकीची तरी कुणाच्या गळ्यात पडत नाही.

रेहानाची रायफल आली त्या रविवारी सरांच्या उजव्या हाताची बोटं पट्टीत होती. एकटे राहायचे, भाकरी स्वतः करायचे. चार दिवसांपूर्वी तापल्या तव्यावर हात पडला होता. तवा त्यांना दिसला होता, त्याची मूठ कुठं आहे ते दिसलं नव्हतं. ते म्हणाले, वाफ लागली. चाप ओढायचं बोट तेवढं मोकळं ठेवून त्यांनी पाच गोळ्या मारल्या. नेहमीसारखे चालत गेले. कार्ड काढलं, मागून डावा हात फिरवला. डाव्या हाताची बोटंही त्याच तव्यावर सोलवटलेली होती. ते तिथं इतका वेळ पाठमोरे उभे राहिले, की विकणारा माझ्याकडे बघायला लागला. मग सर परत आले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं.

"मॅडम, जरा बघा. भोकांचा घेर किती हाय?"

पाच भोकं होती. माझा तळहात ठेवला असता तर त्याच्या बाहेर एक गेलं असतं. चांगल्या रायफलीची पाच भोकं पन्नास मीटरवर एका नाण्याखाली झाकतात, एवढं मलाही आता कळत होतं. विकणारा उभा होता, रेहाना उभी होती, तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. आणि मला वाटलं, रायफल कशी आहे ते कोण सांगणार, ही भोकं पसरलीत ती सरांच्या डोळ्यांमुळे. मी खरं सांगितलं तर या तिघांसमोर सरांचे डोळे गेले हे उघडं पडणार. उद्या बदनापुरात, परवा जालन्यात. फौजेतल्या माणसाला, ज्याला दुसरं काहीच नाही, त्याला मी हे सगळ्यांदेखत सांगायचं?

मी म्हटलं, "पाच रुपयांच्या नाण्यात बसतात, सर."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. त्यांनी कार्डाची चौघडी केली आणि रेहानाच्या वडलांना म्हणाले, "घ्या. बिलकुल घ्या." जुनी रायफल घेऊन विकणारा अकराच्या आत निघून गेला.

स्पर्धेला सहा महिने होते. पहिल्या रविवारी रेहानाचे गुण नेहमीपेक्षा बरेच खाली आले. नवी रायफल, हात बसायला वेळ लागतो, असं सर म्हणाले. दुसऱ्या रविवारी आणखी खाली. मी आकडे वाचून दाखवत होते, सर मान हलवत होते. तिसऱ्या रविवारी सर पाणी प्यायला गेले असताना जालन्याचा एक जुना नेमबाज, हात अगदी पक्का असलेला, सहज म्हणून तिच्या रायफलीनं तीन गोळ्या मारून गेला. तीन दिशांना तीन लागल्या. "साइट बसली न्हाई वाटतं," असं हसून म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला. त्या क्षणी मला कळलं. डोळ्यांचा दोष नव्हता, रायफलीचा होता. त्या गोळ्या मी वहीत लिहिल्या नाहीत, कारण त्या त्याच्या नोंदीत बसत नव्हत्या. असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी सर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा श्वास खोटा झालाय." हा शब्द त्यांनी आजवर कुणाला वापरला नव्हता. आता सांगायचं म्हणजे मी खोटं बोलले हे सांगायचं, का बोलले हे सांगायचं, आणि ते सांगितलं की डोळे आलेच. जुनी रायफल तर गेलेली. दर आठवड्याला ते जास्त जड होत गेलं. मी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

सरांनी तिचं सगळं मोडून पुन्हा बांधलं. कोपराची जागा बदलली. गाल दस्त्यावर अर्धा बोट पुढं घेतला, मग मागं घेतला. जाकीट घट्ट आहे म्हणून वडलांनी उसवून सैल केलं, मग सैल झालं म्हणून पुन्हा घट्ट केलं. तिसऱ्यांदा उसवताना ते मला म्हणाले, "मॅडम, कपडे में गलती हो तो मेरी बोलो, पोरी की नक्को बोलो." गोळी कधी मधोमध लागायची, पुढची चार बोटं बाहेर. लागली की सर म्हणायचे, "बघ, येतंय तुला, मंग दर येळेला का न्हाई?" यानं तर तिचा पुरता घात केला. नऊ वर्षं जी मुलगी चाप ओढताना पापणी हलवत नव्हती, ती आता ओढायच्या आधी डोळे मिटू लागली. एकदा माठापाशी मला म्हणाली, "मॅडम, मला भ्याव वाटू राह्यलं. आधी कधीच न्हाई वाटलं. जेवतानाबी श्वास मोजू राह्यले मी. मी बिघडले का?"

मी म्हटलं, "होईल नीट." एवढंच म्हटलं. आजही ते तिचं तोंड आठवलं की मला स्वतःची किळस येते.

पुण्यात राज्य स्पर्धेत ती एकतिसावी आली.

त्यानंतरच्या रविवारी ती रेंजवर आली ती जाकीट न आणता. सर तरटावर बसले होते. बोटं केव्हाच बरी झाली होती. रेहानानं पर्समधून एक कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. सरांनी मागून बोटं फिरवली, एकदा, दोनदा.

"कोनी मारल्या ह्या?"

"कोनीच न्हाई, सर. तिथं एक दुरुस्तीवाले होते. माझ्या गोळ्या बघून ते म्हनले, रायफल दे. टेबलावर पकडीत आवळली आन् धा गोळ्या सोडल्या. मानसाचा हातच न्हाई लागला." तिचा आवाज सपाट होता. "नळीच्या तोंडाशी कड झिजलेली हाय म्हनले. साफ करायच्या गजानं झिजती. लई जुनी झीज हाय म्हनले. ह्याच्यावर कोनालाच नेम न्हाई लागनार."

वाऱ्यानं चिंध्या हलत होत्या, मी तिकडं बघत होते. मग सर माझ्या दिशेला वळले. माझ्याकडे थेट बघायचं तर त्यांना नजर जरा बाजूला धरावी लागायची, तशी त्यांनी धरली.

"मॅडम, त्या दिवशी खरा घेर किती होता?"

"तळहाताएवढा."

"तुम्हाला दिसला?"

"दिसला, सर."

रेहाना माझ्याकडे बघत राहिली. तिला अजून धागा जुळत नव्हता. मी तिला म्हटलं, "मला वाटलं, सरांच्या डोळ्यांमुळे... सगळ्यांसमोर कसं सांगायचं... त्यांना वाईट वाटलं असतं." बोलता बोलता मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते.

"मी आंधळा झालोय हे मला तुमच्या आधी कळलं होतं, मॅडम," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "म्हनून तर कार्ड तुमच्या हातात दिलं."

मग त्यांनी मला वही उघडायला लावली. सहा महिन्यांचे सगळे रविवार, एकेक करून, मोठ्यानं वाचायला लावले. मी वाचत होते, रेहाना दगडावर बसून ऐकत होती, ऊन वर येत होतं. शेवटचा आकडा वाचून झाल्यावर ते उठले, चाचपडत तिच्यासमोर गेले आणि तिला हात जोडले. "पोरी, सहा महिने तुला शिव्या घातल्या. एकबी चूक तुझी नव्हती." ती पटकन उठून त्यांचे हात धरायला गेली, आणि मग तिला रडू फुटलं. माझ्याकडे दोघांपैकी कुणीही बघितलं नाही. मी वही खुर्चीवर ठेवली आणि स्टेशनवर आले.

रेंज बंद झाली. सरांनी नोकरी मुदतीआधी सोडली. भरतीची जाहिरात निघाली तेव्हा मी ती दोनदा वाचली, वयाची अट तिसऱ्यांदा वाचली. रेहाना मंठ्याला दुकानात बसते. मी एकदा तिथवर गेले होते, रस्त्याच्या पलीकडून बघितलं. ती पायाखाली कापूस दाबत गादी शिवत होती, दाभण सरळ रेषेत चालला होता. मी रस्ता ओलांडला नाही.

सरांकडे मात्र गेले. अंबडच्या अलीकडे एका गावात ते धाकट्या भावाकडे राहतात. दोन वर्षं मनाची तयारी करण्यात गेली. ओट्यावर बाजेवर बसले होते. "कोन?" म्हणाले. मी म्हटलं, "मी सर, ग्रंथालयातली." त्यांनी भावजयीला हाक मारली, "चहा ठिव गं, आमच्या कॉलेजच्या मॅडम आल्यात." चांगले बोलले. तुमच्या घरचे कसे आहेत, रेल्वे वेळेवर येते का, सासूबाई आहेत का. सासूबाई गेल्या म्हटल्यावर हळहळले. रेहानाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मला वाटू लागलं, की यांनी मला माफ केलं असावं. एवढी हलकी मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

इतक्यात पोस्टमन येऊन एक पत्र देऊन गेला. सरांनी ते चाचपलं, पाकीट फाडलं आणि माझ्याकडे धरलं. "काय लिव्हलंय बघा बरं."

पेन्शनच्या कचेरीचं होतं. हयातीचा दाखला द्यायला स्वतः यावं, महिन्याच्या वीस तारखेच्या आत, सकाळी अकरा ते दुपारी दोन. सोबत आधार कार्ड आणि एक फोटो. मी सावकाश, स्पष्ट वाचलं. एक अक्षर सोडलं नाही. सर मान हलवत ऐकत होते.

"बराबर," ते म्हणाले आणि हात पुढं केला. मी पत्र परत दिलं. भावजय चहा घेऊन आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पदराला हात पुसत उभी राहिली. सरांनी तेच पत्र तिच्याकडे धरलं.

"घे. आता तू वाच."

ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. हयातीचा... दाखला... वीस... तारखेच्या... आत. सर डोळे मिटून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले. मग पत्राची घडी करून त्यांनी उशाखाली ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, चहा घ्या."

मी चहा घेतला.